ठळक: तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा ट्रे-वाचक (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५, शनिवार

आज रिपॉझिटरी उघडली. नाव 'ठळक'. काय करायचं ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटायला लागले की या पानावर परत येता येईल.

घड्याळाशेजारच्या पट्टीत, म्हणजे ट्रेमध्ये, एक छोटा आयकॉन. त्यावर क्लिक केलं की मेनू उघडेल, त्यात तंत्रज्ञानाचे तीस मथळे. मथळा निवडला की बातमी ब्राउझरमध्ये. एवढंच. आवाज नाही, कोपऱ्यातून सरकत येणारी सूचना नाही, आयकॉनवर लाल आकडा नाही. वाचनालयात काठीला अडकवलेला पेपर असतो तसं: ज्याला वाचायचंय तो उठून जातो, पेपर कोणाच्या मागे लागत नाही.

डेस्कटॉपवर मथळे आणायची कल्पना जुनी आहे. १९९६ साली पॉइंटकास्ट आलं. संगणक रिकामा असला की ते स्क्रीनसेव्हरच्या जागी बातम्या, शेअरचे भाव, हवामान दाखवायचं. लोकांना ते इतकं आवडलं की कंपन्यांची नेटवर्कं त्याच्या रहदारीने तुंबायला लागली आणि अनेक ठिकाणी त्यावर बंदी आली. १९९७ मध्ये न्यूज कॉर्पोरेशन त्यासाठी ४५ कोटी डॉलर द्यायला तयार होती. दोन वर्षांनी ते साधारण ७० लाख डॉलरला विकलं गेलं. या इतिहासातून मी दोन नियम घेतले आहेत. वापरणाऱ्याचं लक्ष त्याने दिल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि ज्या सर्व्हरकडून बातम्या आणतो त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकायचा नाही.

८ जून, रविवार

पहिला स्रोत हॅकर न्यूज, तंत्रज्ञानाचे दुवे आणि त्यांवरच्या चर्चांची साइट. पॉल ग्रॅहम यांनी २००७ साली वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना पैसे देणाऱ्या कंपनीत सुरू केलेली ही साइट, आणि २०१४ पासून तिचा अधिकृत एपीआय (प्रोग्रॅमनी माहिती मागायचं दार) फायरबेस या डेटा-सेवेवर आहे. नोंदणी लागत नाही, किल्ली लागत नाही. आजच्या काळात असं दार उघडं ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, म्हणून तिथे जास्तच जपून वागायचं.

'टॉपस्टोरीज' मागितलं की जास्तीत जास्त ५०० क्रमांक मिळतात, नुसते क्रमांक. मथळा, दुवा, गुण, प्रतिक्रियांची संख्या हवी तर प्रत्येक क्रमांकामागे वेगळी रिक्वेस्ट. म्हणजे तीस मथळ्यांना एकतीस रिक्वेस्ट. दर पाच मिनिटांनी सगळं नव्याने आणलं तर तासाला ३७२ होतात आणि त्यातल्या बहुतेक वाया, कारण तेवढ्या वेळात मोजकेच मथळे नवे आलेले असतात.

ठरवलेली पद्धत: यादी दर दहा मिनिटांनी. जो क्रमांक आपल्याकडे नाही, त्याचाच तपशील मागवायचा. आधीपासून असलेल्यांचे गुण तासाभराने एकदा ताजे करायचे, आणि त्याच वेळी मथळाही पुन्हा घ्यायचा, कारण तिथले नियामक मथळे दुरुस्त करतात. क्यूटी या (खिडक्या, मेनू, नेटवर्क यांचं तयार साहित्य देणाऱ्या) लायब्ररीचा नेटवर्क मॅनेजर एका यजमानाकडे एका वेळी सहाच रिक्वेस्ट पाठवतो, बाकीच्या रांगेत ठेवतो. वेगळे थ्रेड लावायची गरज उरली नाही.

तपशिलात काय काय सांभाळायचं ते: 'आस्क' प्रकारच्या नोंदींना बाहेरचा दुवा नसतो, तिथे चर्चेचंच पान उघडायचं. नोकरीच्या जाहिरातींना प्रतिक्रियांचा आकडा नसतो. आणि क्रमांक यादीत असूनही तपशील म्हणून 'नल', म्हणजे रिकामं उत्तर, येऊ शकतं. ती जागा पुढच्या क्रमांकाने भरायची.

फायरबेस प्रवाहसुद्धा देतं. जोडणी उघडी ठेवली की यादी बदलताक्षणी कळवतं. ते घेत नाही. क्षणाक्षणाला हलणारी यादी मला नकोच आहे, शिवाय लॅपटॉप झोपून उठला की दर वेळी जोडणी पुन्हा बांधायचं काम वाढतं.

१४ जून, शनिवार

भाषा पायथन, आणि तिच्यातून क्यूटी वापरण्यासाठी पायसाइड६. क्यूटीचा ट्रे आयकॉन विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालतो हे कारण.

लिनक्सवर मात्र ट्रे म्हणजे एकच एक गोष्ट नाही. जुनी पद्धत एक्स११ ची, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या जुन्या यंत्रणेची: अ‍ॅप आपली इवलीशी खिडकी पॅनेलमध्ये नेऊन बसवतं. नवी पद्धत केडीई या डेस्कटॉपमधून आलेली, स्टेटस-नोटिफायर-आयटम: अ‍ॅप डी-बसवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायची सोय) आयकॉन आणि मेनूचं वर्णन पाठवतं, प्रत्यक्ष चित्र पॅनेल काढतं. एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडवर जुनी पद्धत चालत नाही. ग्नोम या डेस्कटॉपने २०१७ मध्ये ३.२६ या आवृत्तीत जुना ट्रे काढला आणि नव्या पद्धतीलाही घरात घेतलं नाही. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे वेगळी जोड, लागतं. उबुंटूत ते आधीच बसवलेलं मिळतं, फेडोराच्या ग्नोममध्ये आपण बसवायचं.

मेनू पॅनेलने काढायचा म्हणजे त्याचा फॉन्ट, रुंदी, रंग आपल्या हातात नाहीत. मला ही मर्यादा मान्य आहे. स्वतःची सजवलेली खिडकी उघडली असती तर ती प्रत्येक डेस्कटॉपवर परकी दिसली असती. साधा मेनू त्या त्या जागच्या बाकीच्या मेनूंसारखाच दिसतो, कीबोर्डनेही चालतो.

दोन छोट्या गोष्टी. 'शेवटची खिडकी बंद झाली की अ‍ॅप बंद' ही क्यूटीची मूळ सवय बंद केली, नाहीतर 'माहिती'ची खिडकी मिटताच आयकॉनही जातो. आणि लॉगिन होताक्षणी अ‍ॅप सुरू झालं तर पॅनेल अजून उठलेलं नसतं. म्हणून ट्रे आहे का हे थोड्या थोड्या वेळाने विचारत राहायचं आणि मिनिटभरात नाहीच मिळाला, तर कोणतं एक्स्टेन्शन लागेल ते स्पष्ट सांगून थांबायचं. पडद्यामागे गुपचूप चालत राहायचं नाही.

१७ जून, मंगळवार

आज रात्री फक्त '&'.

मथळ्यात 'आर&डी' असं काही आलं की मेनूत 'आरडी' दिसतं आणि 'डी'खाली रेघ येते. क्यूटीच्या मेनूत '&' म्हणजे 'पुढचं अक्षर कीबोर्डसाठी' अशी खूण. खरं '&' दाखवायचं तर दोनदा लिहावं लागतं. डी-बसच्या मेनूत हेच काम अधोरेखेकडे आहे: एकटी अधोरेखा दिसतच नाही, दोन लिहिल्या तर एक दिसते. प्रोग्रॅमिंगच्या मथळ्यांत फंक्शनांची नावं येतात आणि त्यांत अधोरेखा हटकून असते, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नाही. नावातली अधोरेखा गेली की ते नाव चुकीचं झालं.

त्यात आरएसएसमधून (साइट आपल्या मथळ्यांची यादी प्रोग्रॅमना देते तो प्रकार) येणाऱ्या मथळ्यांत '&' एचटीएमएलच्या सांकेतिक रूपात असतो, कधी एकावर एक दोन थरांत. म्हणून क्रम पक्का केला: आधी सांकेतिक रूप उलगडायचं, मग फालतू रिकाम्या जागा काढायच्या, मग लांबी बघायची, आणि मेनूत टाकण्याच्या क्षणी, अगदी शेवटी, त्या त्या प्लॅटफॉर्मच्या खुणा दुप्पट करायच्या. साठवायचा तो मूळ मथळाच. या क्रमासाठी चाचण्या लिहिल्या आणि सगळ्या हिरव्या झाल्यावर झोपलो.

२२ जून, रविवार

या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

मेनू उघडा आहे. बाण सातव्या ओळीवर आहे, मथळा वाचून झालाय, बोट माउसवर दाबलं जातंय. नेमकं त्याच वेळी नवी यादी येते, एक नवा मथळा वर घुसतो, सगळ्या ओळी एकेक खाली सरकतात आणि भलतीच बातमी उघडते. मथळे दाखवणाऱ्या साधनात याहून वाईट काही नाही. माणूस ज्यावर बोट ठेवतो तेच उघडलं पाहिजे.

सरळ उपाय असा वाटतो: मेनू उघडताना क्यूटी कळवतं, मिटतानाही कळवतं, मध्ये काही बदलायचं नाही. विंडोजवर हे पुरतं. डी-बसवर पॅनेलने तसा निरोप पाठवायला हवा, आणि सगळी पॅनेलं तो सारख्याच इमानाने पाठवत नाहीत. मेनू उघडा आहे की मिटलेला, हे अ‍ॅपला खात्रीने कळेलच असं नाही.

म्हणून रचनाच बदलली. तीस ओळी सुरुवातीला एकदा तयार होतात आणि अ‍ॅप बंद होईपर्यंत त्याच राहतात. ओळ कधी वाढत नाही, कमी होत नाही, जागा सोडत नाही. यादी ताजी करायची म्हणजे या ओळींवरचा मजकूर बदलायचा, तोही सगळा एकदम. शिवाय आता एक मधली पायरी आहे: नवी यादी आली की ती आधी बाजूला थांबते. मेनू मिटल्याचा निरोप आला तर ती लगेच लागू होते. निरोप देणारं पॅनेल नसेल, तर शेवटच्या क्लिकनंतर किंवा शेवटच्या बदलानंतर दहा मिनिटं शांत गेली की लागू होते.

एक जास्तीची काळजी घेतली. क्लिक आलं आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात त्या ओळीवरचा मजकूर बदललेला असेल, तर वापरणाऱ्याने जुनाच मथळा पाहिलेला असणार, म्हणून जुनीच बातमी उघडायची. हे लिहायला फार ओळी लागल्या नाहीत, पण ते असल्याशिवाय हे साधन मी दुसऱ्याच्या हातात दिलं नसतं.

वाचलेल्या मथळ्यापुढे बरोबरची खूण येते. ओळ करडी करता आली नसती, कारण मेनूत करडी ओळ म्हणजे बंद ओळ आणि वाचलेली बातमी पुन्हा उघडावीशी वाटू शकते. यादी गुणांप्रमाणे मी वेगळी लावत नाही. स्रोताने जो क्रम दिला तोच.

२८ जून, शनिवार

आरएसएस आणि अ‍ॅटम आले. वाचणारी लायब्ररी फीडपार्सर. आरएसएसचा जन्म १९९९ सालचा, नेटस्केपमधला. अ‍ॅटमचं प्रमाण २००५ चं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा अनेकांनी आरएसएस संपलं असं धरलं, पण फीड (साइटने दिलेल्या मथळ्यांच्या याद्या) जागच्या जागी राहिली. आजही बहुतेक ठिकाणी ती आहेत, फक्त त्यांचा नारिंगी आयकॉन पानावर दिसत नाही.

इथे दुसरा नियम, सर्व्हरवर जास्त भार न टाकण्याचा, नीट पाळता येतो. सर्व्हर फीडबरोबर ईटॅग (त्या मजकुराची खूण) किंवा 'शेवटचा बदल' ही वेळ देतो. पुढच्या वेळी आपण ती परत पाठवायची. काही बदललं नसेल तर उत्तर येतं ३०४ आणि मजकूर शून्य. जुन्या काळी स्लॅशडॉट अर्ध्या तासात एकापेक्षा जास्त वेळा फीड मागणाऱ्यांना अडवायचं. तोच अर्धा तास मी सगळ्या फीडना लावला. फीडने स्वतः जास्त वेळ सांगितला असेल तर तो. सर्व्हर ४२९ देऊन 'इतक्या वेळाने ये' म्हणाला तर तेवढा वेळ वाट. आणि 'ठळक'च्या प्रत्येक प्रतीची वेळ थोडी मागेपुढे, म्हणजे सगळ्यांचे संगणक घड्याळाच्या ठोक्याला एकदम दार वाजवणार नाहीत.

एका मराठी दैनिकाच्या तंत्रज्ञान सदराची फीड जोडली. तिथे वेळ भारतीय, पण शिक्का जीएमटीचा, त्यामुळे बातम्या साडेपाच तास पुढच्या वेळेच्या दिसत होत्या. नियम केला: वेळ भविष्यातली असेल तर आपल्याला बातमी पहिल्यांदा दिसली ती वेळ धरायची. एका फीडसाठी वेगळी खास तरतूद करत बसण्यापेक्षा हा नियम सगळ्यांना लागू पडतो.

याच फीडमुळे मराठी मथळे छाटायचा प्रश्न पुढे आला. हॅकर न्यूजचे मथळे ८० अक्षरांच्या आतच असतात, त्यांना हात लावावा लागत नाही. मराठी मथळे लांब. आणि पायथन मोजतं ते युनिकोडचे, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणाचे, घटक. 'तंत्रज्ञान' वाचताना चार अक्षरं: तं, त्र, ज्ञा, न. पायथनच्या हिशोबात दहा घटक. सातव्यावर कापलं तर हाती उरतं 'तंत्रज्', पाय मोडलेल्या 'ज'सकट. युनिकोडच्या अक्षरगटांच्या नियमांत देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरायची तरतूद २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आली. जुन्या लायब्रऱ्या 'त्' आणि 'र' वेगळे काढतात. मी अक्षरावर कापायचंच टाळलं. मर्यादेच्या आतली शेवटची रिकामी जागा शोधायची, तिथे थांबायचं, तीन टिंबं द्यायची. अर्धा शब्द कोणाला वाचायला द्यायचा नाही.

५ जुलै, शनिवार

डेक्कन क्वीनमधून, फोनच्या हॉटस्पॉटवर. खंडाळ्याच्या बोगद्यांत नेट जातं-येतं, चाचणीला याहून चांगली जागा नाही. रिक्वेस्टची कमाल वाट दहा सेकंदांवर आणली. नेट नसताना मेनूत शेवटचे मथळे तसेच राहतात, तळाशी फक्त 'शेवटचं अद्ययावत: ७.४०' अशी ओळ. चूक झाल्याचा संदेश नाही, लाल रंग नाही. हॉटस्पॉटसारखी मोजून मिळणारी जोडणी आहे का हे क्यूटीला विचारता येतं; तसं असेल तर सगळ्या वेळा दुप्पट.

१३ जुलै, रविवार

कॉलेजातला मित्र घरी आला होता. त्याला दिसत नाही. बँकेत नोकरी करतो, संगणकावर दिवसभर एनव्हीडीए वापरतो. २००६ पासून चाललेला, फुकट, मुक्त स्रोत असलेला हा स्क्रीन रीडर. त्याच्यामुळे आपल्याकडे किती जणांची कामं सुरू झाली ते पाहिलंय. त्याच्या लॅपटॉपवर 'ठळक' टाकलं. विंडोज आणि 'बी' ही कळ एकत्र दाबून तो थेट ट्रेवर गेला, बाणांनी आयकॉन गाठला, मेनू उघडला.

माझी ओळ अशी होती: गुण, प्रतिक्रिया, मग मथळा. डोळ्यांना ते छान वाटतं, आकडे एका रांगेत येतात. त्याला मात्र प्रत्येक ओळीवर आधी दोन आकडे ऐकावे लागत होते. तिसऱ्या ओळीला तो म्हणाला, "अरे, आकडे मागे टाक ना. आधी बातमी काय ते कळू दे, नको असेल तर मी लगेच खाली जातो."

खरं आहे. ऐकणारा पहिल्या दोन-तीन शब्दांवर ठरवतो. मथळा पुढे आणला, आकडे शेवटी. पाहणाऱ्यालाही आता हेच बरं वाटतं, कारण नजर आधी शब्दांवर पडते.

दुसरी गोष्ट त्याने सांगितल्याशिवाय मला कळली नसती. प्रत्येक ओळ खूण करता येण्याजोगी असल्याने न वाचलेल्या प्रत्येक मथळ्यामागे एनव्हीडीए 'खूण नाही' असंही बोलत होतं. तीस ओळींत तीस वेळा. आता ओळ वाचली जाते तेव्हाच तिला ती सोय मिळते. बाकीच्या ओळी साध्या. जेवायच्या आधी नवी प्रत त्याच्या हातात दिली, त्याने सगळी यादी सलग ऐकली आणि दोन बातम्या उघडल्या.

२६ जुलै, शनिवार

विंडोज आणि आयकॉन.

आयकॉन म्हणजे 'ठ'. शिरोरेघ, छोटी दांडी, खाली गोल. १६ पिक्सेलमध्येही ओळखू येतो, हे देवनागरीतल्या फार थोड्या अक्षरांबद्दल म्हणता येईल. पण मोठं चित्र आपोआप लहान करून चालत नाही, शिरोरेघ दोन पिक्सेलांवर पसरून धूसर होते. १०० टक्क्यांना १६, १२५ ला २०, १५० ला २४, २०० ला ३२: चारही हाताने वेगळे काढले. प्रत्येकात शिरोरेघ पूर्ण पिक्सेलवर. गडद आणि उजळ टास्कबारसाठी वेगवेगळी जोडी.

विंडोज ११ नवा आयकॉन बाणामागच्या कप्प्यात ठेवतं. अ‍ॅपला स्वतःहून बाहेर येता येत नाही, वापरणाऱ्याने ओढून आणायचा. हे असंच हवं. वापरण्याच्या माहितीत त्यासाठी चित्र दिलंय.

एक्सप्लोरर (टास्कबार चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) कोसळून पुन्हा उठला तर विंडोज 'टास्कबार तयार झाला' अशी हाक सगळ्यांना देतं आणि ज्यांनी ती ऐकली त्यांचेच आयकॉन परत येतात. क्यूटी ती ऐकतं. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर मुद्दाम बंद-चालू करून पाहिला, 'ठ' परत आला.

३ ऑगस्ट, रविवार

०.१ आवृत्ती मित्रमंडळीत वाटली. मागण्या आल्या.

महत्त्वाची बातमी आली की सूचना दाखव: नाही. महत्त्वाचं काय हे गुणांवरून ठरवायचं म्हटलं, तर सगळ्यात जास्त गुण मिळवणारा मथळा अमेरिका जागी असताना, म्हणजे आपल्या संध्याकाळी आणि रात्री येतो. रात्री अकराला कोणाच्या पडद्यावर उडी मारणारं साधन मला बनवायचं नाही. आयकॉनवर आकडा: नाही, त्याच कारणासाठी.

आवडीचे शब्द देऊन तसे मथळे वेगळे दिसावेत: हो. पण वर आणून नाही, जागा तीच ठेवून. ओळीच्या शेवटी एक तारा. ऐकणाऱ्यालाही तो शेवटीच ऐकू येईल. शब्द जुळवताना मराठीत विभक्ती लागते, 'उपग्रह' शोधताना 'उपग्रहाचे' सापडलं पाहिजे, म्हणून शब्दाची सुरुवात जुळली की पुरे. 'पाणी' आणि 'पाण्याचे' अशा जोड्यांसाठी दोन्ही रूपं द्यायची मुभा.

मॅक राहिलंय. तिथे आयकॉन फक्त काळा आणि पारदर्शक द्यायचा, रंग मेनूबार ठरवतो. क्यूटीत त्यासाठी 'मास्क' म्हणून खूण करायची सोय आहे. ताईचं मॅकबुक पुढच्या शनिवारी मिळेल.